नातनीनं मले तलावात उतरवलं

...आता तुम्हीच सांगा जी, नववीतल्या पोरीनं गोष्ट लिहावी, खुशाल लिहावी, पण तिच्यात आपल्या आबाजीले मारावं का? अन् मारावं तं मारावं, रोज संध्याकाळी थोडं थोडं मारावं? मले भेव लागते जी!

सांगतो तुमाले... हळूहळूच सांगतो, माझी जीभच हळू चालते. आमच्या शाळेत यंदा नवे सर आले, चंद्रकुमार सर. लई गोड बोलतात. 'मुलांनो, रोज वाचा, रोज लिहा, आणि लिहिलेलं घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा!' झालं! आता मोठं माणूस कोण? बुढी म्हणते, 'मले भात शिजवाचा हाय.' सूनबाई शेतावर, धानाच्या बांधीत. उरलो मी, ओसरीवर बसलेला, दुसरी पास, तेही मास्तराच्या दयेनं. नातीन भूमिका समोर बसली अन् वाचाले लागली, 'एक म्हातारा होता. त्याच्या खांद्यावर लाल दुपट्टा होता. तो खोकला की तलावाच्या पाळीवरचे बगळे उडत.'

मी दुपट्टा हळूच मांडीखाली घेतला... अन् नेमका तेव्हाच खोकला आला!

'भूमिके, हा बुढा कोन हाय वो?'

'कोनी नाही आबाजी. काल्पनिक हाय.'

काल्पनिक! त्या काल्पनिक बुढ्याच्या सायकलची चेन पानठेल्यासमोर उतरली, अन् सकाळी माझी उतरली, तिथंच! मग तिनं लिहिलं, बुढ्याच्या शेळीनं वाळत घातलेले पापड खाल्ले. दुसऱ्या दिवशी माझ्या शेळीनं खाल्ले ना जी! शिव्या कोणाले? मले! पोरगी म्हणते, 'आबाजी, चेन सैलच होती, मी पाहून राहिली होती.' म्हणजे ही पोरगी मले पाहतच राहते? मले भेव लागते जी!

अन् मग आलं ते पान. 'धानाला पाणी हवं होतं. म्हातारा तुडूम उघडायला तलावात उतरला. पायाखाली शेवाळ होतं. त्याचा पाय...' बस! पोरगी उठली.

'पाय काय वो? पायाचं काय झालं?'

'उद्या. सर म्हणतात, ऐकणाऱ्याचा जीव टांगून ठेवाचा.'

टांगला! अहो, तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतली, शेताले पाणी सोडाची मोरी. तिचं लाकडी बूच पाण्यात उतरून काढा लागते, अन् गावात ते काम माझं, माझ्या बापापासून. अन् तेव्हाच पाऊस गायब, धान पिवळं पडाले लागलं, शेजारच्या शेताचा चुन्नीलाल दारात उभा. 'काऊन गा केवळराम, यंदा पान्याले भेऊन राहिला का?' आता त्याले काय सांगू? नातनीनं अजून पाय लिहिला नाही, म्हणून थांबलो?

शाळेत गेलो, म्हटलं, बुढ्याले मारू नका. सर म्हणाले, 'बाबाजी, म्हातारा मेला तरच वाचक रडेल ना!' मी म्हटलं, 'सर, वाचक मीच हाय, अन् मी आताच रडून राहिलो!' सर हसले. मले इथं भेव लागते जी, अन् मानूस हसते!

शेवटी पोरीले जवळ बसवलं. 'बाई, तुले लिहाची मनाई नाही. लिही, खूप लिही. पन बुढ्याले वाचव. तो गेला तं उद्या तू कोनाले वाचून दाखवशील?'

पोरीनं पेन दातात धरला. मग माझ्या दुपट्ट्याचं टोक धरून म्हणते, 'वाचवते, आबाजी. पन मग गोष्ट पुढं न्या लागन.'

'ने वो, कुठंही ने!'

तिनं लिहिलं, म्हाताऱ्याचा पाय घसरला, पण पाळीवरच्या मोहाच्या झाडाचं मूळ पाण्यात उतरलेलं होतं, त्यानं ते धरलं. ऐकलं, अन् सकाळी देवाचं नाव घेऊन उतरलो. घसरला ना जी पाय! पण हात आपोआप मुळावर गेला. इतकी वर्षं उतरतो, मी ते मूळ कधी पाहिलं नव्हतं, पोरीनं पाहून ठेवलं होतं. बूच निघालं, पाणी सुटलं, चुन्नीलाल काठावर नाचला.

मले वाटलं, सुटलो. संध्याकाळी पुढचं पान आलं. 'म्हाताऱ्यानं ठरवलं, आता आपली गोष्ट आपणच लिहायची. तो नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसला.'

अन् तिनं लिहिलं की होतेच, हे तुमाले सांगितलंच. काल सरांचा निरोप आला, 'बाबाजी, सोमवारी वर्गात या. निबंध आहे.'

तलाव बरा होता जी... तिथं धराले मूळ तरी होतं!