पायरीवरचा पंजा

...आणि वर मलाच विचारता, तहसील ऑफिसचं दार कुठं? अहो, तीस वर्षं झाली, या इमारतीच्या जिन्याखाली बसून मी लोकांचे अर्ज लिवतोय, मलाच कुणी धड सांगितलं नाय! तुमाला सांगतो, शहात्तर साली मुंबईहून मोठे आर्किटेक्ट आले, जाड चष्म्याचे, हात पसरून बोलले, "इथं वारा खेळेल, उजेड खेळेल!" खेळला ना... पाऊस खेळला! सपाट स्लॅब, वळचण नाय, भिंतीभर सिमेंटची जाळी, आणि आमच्या शहापूरचा पाऊस काय सरळ पडतो? आडवा येतो, जाळीतून थेट साहेबांच्या टेबलावर! मग जाळी विटांनी बुजवली, अंधार झाला म्हणून दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावली, स्लॅब गळतो म्हणून वर पत्र्याची शेड चढवली, मधलं अंगण झाकून तिथं फायली कोंबल्या, आणि फायली मावेनात म्हणून पुढच्या दाराला आतून कपाटं लावली. आता लोक शिरतात मुतारीच्या बोळातून, नाकाला रुमाल लावून. पण इमारत बघा हो, इमारत! कॉलेजची पोरं अजून फोटो काढायला येतात.

तर या इमारतीत आला पंढरी. डोळखांबच्या वरचा, उंबराच्या पाड्यावरचा. जंगलाच्या कडेला दीड एकर, खाली भात, वर नाचणी, बापापासून कसतोय. त्याला नोटीस आली, जागा जंगल खात्याची, घराणं पाड्यावर जुनं असल्याचा पुरावा महिन्यात दाखव, नायतर जागा सोड. आता पुरावा आणायचा कुठून? रेशनकार्ड वाळवीनं खाल्लं, बाप शाळेत गेला नाय, त्याचा जन्म कुणी लिवला नाय, मरण तेवढं लिवलं! खिडकीत दिपिका मॅडम, वाशिंदहून येतात, बाई वाईट नाय. बोलल्या, "काका, एखादा तरी जुना कागद असेल ना?" पंढरी बोलला, "कागद नाय मॅडम. पण बाचा हात हाय. तुमच्याच पायरीवं."

झालं! सगळं ऑफिस खिडकीत!

आता हे ऐका. ही इमारत बांधताना पंढरीचा बाप, मंगळू, इथं घमेली वाहत होता. त्यांच्या पाड्याची रीत अशी, नवं घर झालं की भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पंजा मारायचा, म्हणजे घर लाभतं. पुढच्या दाराची पायरी भरून झाली, मंगळूला वाटलं, घर झालं. पीठ कुठं मिळणार? त्यानं ओल्या सिमेंटमध्येच दिला पंजा दाबून! इंजिनियर धावून आला, "अरे, काय केलंस हे!" पण रीत ऐकली आणि माणूस हसला हो, हातात खिळा होता, त्यानं खाली कोरलं, मंगळू, उंबराचा पाडा, १९७६. गाव, नाव, साल... यापरीस पुरावा काय असतो?

मॅडम म्हणाल्या, "झेरॉक्स जोडा."

"पायरीची?"

"नियम आहे काका."

पण साहेब चांगला निघाला, खोटं कशाला बोलू? स्वतः उठला, बोळातून वळसा घालून पुढं आला, पायरीवरचं गवत पायानं बाजूला केलं. पंढरी खाली बसला आणि बापाच्या पंजावर आपला हात ठेवला. बोटं बाहेर आली. बोलला, "बा पोरगाच व्हता रं तवा..." तुमाला सांगतो, मला भडभडून आलं, मॅडमनी चष्मा पुसला. साहेब म्हणाले, "पंचनामा करा!" मला वाटलं, जिंकला पंढरी. पण इमारत बघा हो, इमारत!

पंचनाम्याला पायरीचा सर्व्हे नंबर लागतो. काढला. तर जागा कुणाच्या नावावर? जंगल खात्याच्या! अहो, इमारत बांधली, फीत कापली, पेढे वाटले, आणि जागा नावावर करायची राहूनच गेली! एकोणऐंशी साली कुणीतरी अर्ज केला, तो अजून पडून, त्याच अंगणातल्या फायलींत, भिजून लगदा झालेला. म्हणजे कागदावर इथं इमारतच नाय. इमारत नाय तर पायरी नाय, पायरी नाय तर हात कुठला? साहेबांनी कपाळावर हात मारला, म्हणाले, "आधी इमारतीचा अर्ज निकालात निघू दे, मग तुझा."

पंढरीला मुदतीचे चार दिवस राहिलेले. माझ्यासमोर येऊन बसला, तंबाखू मळली आणि बोलला, "भरतभाऊ, लिवा मग तिचाच अर्ज. तिचं तरी कोन हाय?" मी लिवला. अर्जदार, इमारत. राहणार, शहापूर. कसते काय, तर फायली! मी म्हटलं, "पंढरी, सही कुणाची?" तो बोलला, "सही कशाला? पंजा दिलाय की बानं, पन्नास वर्सं झाली."

नेऊन दिला. दिपिका मॅडमनी वाचला, भिंतीकडं बघितलं, गळक्या स्लॅबकडं बघितलं, डोळे भरले हो त्यांचे... आणि शिक्का मारून म्हणाल्या, "काका, अर्जदाराला समक्ष हजर करा."

तिच्याच पोटात उभे होतो आमी.