मागून येणारी गाडी

मोहाडीच्या शर्यतीत मी कितवी आले ते विचारू नका, पण झालं काय ते ऐका. एकवीस किलोमीटर पळायचं होतं. आदल्या वर्षी मी दमून, थकलेल्यांना उचलणाऱ्या गाडीत बसले होते. ते वर्षभर मनाला लागून राहिलं होतं.

या वेळी सतराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला आणि मी रस्त्यावरच बसले. मागून तीच गाडी आली.

ड्रायव्हर म्हणाला, “बसा बाई. बाकी सारे कवाचेच पोचले.”

“मंडप हाये काय अजून?”

“मंडपवाले सोडून राहिले असतील तो.”

“मंग त्याईले फोन करा. सांगा, एक बाई येऊन राहिली.”

तो हसला, पण त्यानं फोन लावला. मी उठले. लंगडत एका विजेच्या खांबापर्यंत जायचं, मग पुढचा खांब बघायचा. दोनदा रडू आलं, पण थांबले नाही. गाडी हळूहळू मागे येतच होती.

पोचले तेव्हा अर्धा मंडप उतरला होता, पण दोन मंडपवाले फीत ताणून उभे होते. मी ती तोडली आणि ते माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

संयोजकानं ड्रायव्हरला विचारलं, “गाडीत किती जणाईले आणलं?”

“एकालेही नाही,” तो म्हणाला. “या बाईनंच मले आणलं.”