केन्याच्या मुळाची काळी माती

अध्यक्षस्थानी असलेले प्राचार्य अण्णाराव सर, मंचावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती सत्यशीला मॅडम आणि समोर जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी प्रीतम. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, आता पाथरी-परभणी जीप चालवतो. याला माइक कुणी दिला, असं काहींना वाटत असेल. मीच मागून घेतला.

आज निवृत्त होणाऱ्या मॅडमनी तीस वर्षं आपल्या कॉलेजचा वनस्पतिसंग्रह सांभाळला. वाळवून चिकटवलेल्या प्रत्येक झाडाखाली चिठ्ठी: कुठं सापडलं, कधी, कुणाला. पाच वर्षांपूर्वी आमची सहल जैसलमेरला गेली. तिथं वाळूच्या कडेला आमच्या वर्गातल्या शिवरंजनीला निळ्या फुलाचा रानकेना सापडला. आपण सोयाबीनमधून उपटतो त्याचाच भाऊबंद, पण जात वेगळी. तिचा सगळा प्रकल्प त्यावर होता. तो दाबून वाळवायचं काम मी अंगावर घेतलं. का, ते अख्ख्या वर्गाला माहीत होतं.

केना रसाळ. रोज कागद बदलले नाहीत तर सडतो. परतीच्या गाडीत वर्गातल्या पंडितनं शिवरंजनीवरून चिडवलं, मी त्याची कॉलर धरली, दोन दिवस त्याच रागात गेले. सोबत आलेले प्रयोगशाळेचे सिताराममामा म्हणालेसुद्धा, "भांडायला लय वेळ हाय तुला, कागद बदलायला न्हाई." परभणीत झाड दाबायच्या फळ्या उघडल्या तर आत काळा लगदा.

मग मी काय केलं? आमच्या रानातला केना उपटून वाळवला आणि तिच्या चिठ्ठीच्या वर चिकटवला. तिला सांगितलं नाही.

तोंडी परीक्षेत मॅडमनी मला एवढंच विचारलं, "वाळवंटातल्या केन्याच्या मुळाला काळी माती कशी रे?" मी टेबलावर वही आपटली आणि निघालो, तो आजच आलो. चिठ्ठीवर नाव राहिलं शिवरंजनीचं, शेजारी मॅडमचं पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह. लोकांनी शिवरंजनीलाच खोटं ठरवलं. तिनं माझं नाव कुठंच घेतलं नाही. आज संग्रहाच्या किल्ल्या मॅडमकडून तीच घेणार आहे.

मॅडम, जुनी चिठ्ठी फाडायची नसते, चूक कळली की खाली नवी लावायची, नावानिशी, हे तुमचंच शिकवणं. ती लिहून आणलीय: "हा केना जैसलमेरचा नाही, पाथरी तालुक्यातला. शिवरंजनीला कल्पना नव्हती. बदलला मी." खाली सही आणि तारीख.

शिवरंजनी, बदल्यात काही मागत नाही. ही चिठ्ठी चिकटवायला डिंक तेवढा तुझ्या कपाटातला लागेल.

मला बोलू दिलंत, सगळ्यांचे आभार. शब्द कमीजास्त झाला असेल तर सभेनं पोटात घालावा. केलं त्याची माफी मात्र मी या दोघींकडंच मागतो.