आसनव्यवस्था : दगड

साहेबराव : म्हणजे तू सही करणारच न्हाईस?

फारूक : हातच उठंना, साहेबराव. तीस वर्षं डाळमिलच्या मशिनी दुरुस्त केल्या या हातानं, कधी अडला न्हाई. क्लासवाल्या सरांच्या या करारावर पेन टेकवलं की अडायलाय.

साहेबराव : नाटकं नको. फुटबॉल क्लबचा अध्यक्ष मी, सेक्रेटरी तू. दोघांच्या सह्या लागत्यात. जिल्हा संघटनेचं पत्र वाचलंस का न्हाई? प्रेक्षकांना बसायची सोय दाखवा, न्हाईतर पुढल्या हंगामापासून या मैदानावर लीगचा एकबी सामना न्हाई. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. आज सव्वीस तारीख.

फारूक : वाचलं. अन् ते पत्र कुणामुळं आलं ते बी ठावं हाय. फॉर्मात ‘आसनव्यवस्था’ म्हणून रकाना होता. त्यात ‘दगड’ असं कुणी लिहिलं?

साहेबराव : मग काय लिहायचं होतं? चौतीस वर्षं कोर्टात कारकुनी केली मी. जे हाय ते लिहायचं. लोक दगडाच्या ढिगावर बसून मॅच बघत्यात, म्हणून लिहिलं, दगड.

फारूक : अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला सुचलं न्हाई हे. एका क्लबानं ‘गॅलरी’ लिहिलं. बघायला गेलो तर शाळेचे मोडके चार बाक. त्यांचं पास.

साहेबराव : ते खोटं बोलले म्हणून मी बी बोलू?

दिपाली : काका, चाचा, साडेदहाला मला बॅच शिकवायचीय. सरांनी सांगितलंय, सह्या घेऊनच ये.

फारूक : बस बेटा, बस. सगळा तालुका सोडून निरोप्या म्हणून सरांनी तुलाच धाडलं. हुशार हाय तुझा सिद्धेश्वर सर. साहेबरावच्या पुतणीला न्हाई कोण म्हणणार, असा हिशेब.

दिपाली : तसंच असेल. पण ते चुकीचं बोलतात असं नाही, चाचा. क्लासला सात हजार पोरं आहेत, गाड्या लावायला जागा नाही. ते म्हणतात, जागा तुमच्याकडं आहे, पैसा माझ्याकडं. स्टेडियम मी बांधतो, दोघं मिळून वापरू. सिमेंटची गॅलरी, कपडे बदलायला खोल्या, वर क्लबचं नाव.

फारूक : अन् वापरायचं कसं? आठवं कलम वाच की. मोठ्यानं वाच, तुझ्या काकाला ऐकू दे.

दिपाली : सकाळी साडेपाच ते सात क्लबचा खेळ. सात ते रात्री आठ क्लासच्या गाड्या. रविवारी मांडव घालून टेस्ट. मुदत वीस वर्षं.

फारूक : ऐकलंस? मोटरसायकलीचं तेल सांडलेल्या मातीत आपण पहाटे लोळायचं, अन् सात वाजले की गुमान उठायचं. आपल्याच घरात पाहुणे.

साहेबराव : पहाटे खेळल्यानं कुणी मरत न्हाई.

फारूक : माझी लेक मनतशा खेळ शिकवती त्या पोरींचं काय? संध्याकाळी पाचला चौदा पोरी घेऊन येती ती. कुणी घरचं पाणी भरून येती, कुणी धाकटं भावंड कडेवर घेऊन. साडेपाचला अंधारात कुणाची माय पाठवणार हाय त्यांना? दोन वर्षं दारोदार फिरून जमवल्यात तिनं. एका सहीत मोडून टाकू?

साहेबराव : अन् संघटनेनं मैदानच बाद केलं की कुठं खेळणार हायत त्या? आज चाळीस पोरं येत्यात खेळायला. लीग गेली की दसऱ्यापर्यंत दहा उरतील, त्यातला एक तू. मला काय हौस हाय का मैदान देण्याची? कायतरी उरावं म्हणून बोलून राहिलो.

फारूक : दुसरी वाट हाय म्हणलं तर ऐकून घेईना झालास. परवापासून सांगून राहिलो, चल, ढिगाच्या पलीकडं काय केलंय ते बघ.

साहेबराव : मला त्या ढिगाकडं जायचं न्हाई. सर तो हलवायला सांगत्यात, अकरावं कलम. तिथं फाटक हुणार. बरं हुईल. एकदाचे जातील ते दगड.

फारूक : पंधरा वर्षं उचललेले दगड ट्रकात भरून फेकून द्यायचे? तूच काढलेला नियम हाय तो. भूकंपानंतर अख्ख्या लातूरनं दगडाचा धसका घेतला. ज्यांची घरं पडली न्हाईत त्यांनी बी भीतीनं भिंती उतरवल्या, अन् गाड्याच्या गाड्या आणून आपल्या मैदानावर ओतल्या. एका कडंला घरं गेलेल्यांचे पत्र्याचे शेड, बाकी दगडंच दगडं. तेव्हा तू म्हणलास, बॉलला पाय लावायच्या आधी माणशी दहा दगड. दहा उचलून कडंला टाकल्याबिगर कुणी खेळायचं न्हाई.

साहेबराव : मैदान साफ करायला काढला होता नियम. ढीग पुजायला न्हाई.

फारूक : पुजायला कोण म्हणतंय? बसायला म्हणतोय. मडिवाळप्पा गवंडी आठवतो? भूकंपापासून दगडाचं काम बंद, तवापासून म्हातारा सिमेंटच्या गोण्या वाहून राहिला. त्याला ढीग दाखवला. अर्धा घंटा दगडावर हात फिरवत बसला. म्हणला, दोन टाइम भाकर द्या, शंभर फूट लांबीच्या तीन पायऱ्या बांधून देतो. नमुन्याची एक पायरी रचली बी त्यानं. बाकीचं काम आपल्या पोरांचं.

साहेबराव : दगडाच्या पायऱ्या.

फारूक : हाव.

साहेबराव : तुला कळतंय का तू काय बोलून राहिलास? तू होतास माझ्यासंगं. मिलचा ट्रक घेऊन सगळी टीम गावाकडं आलती. दोन दिवस या हातानं उपसलं आपण. दादा कसा सापडला ते तू बघितलंस, मी न्हाई बघितलं, तू माझं तोंड फिरवलंस. दगडाखाली गेला माझा भाऊ. अन् आता मी दगडावर बसून टाळ्या वाजवू?

फारूक : म्हणून तर पंधरा वर्षं तुला कधी म्हणलं न्हाई, बस म्हणून. लाइनीवर उभा राहून तुझे गुडघे गेले. मला दिसत न्हाई असं वाटतं का तुला?

साहेबराव : मग आज कामून म्हणतोस?

फारूक : कारण आज तू त्या भीतीपायी मैदान देऊन राहिलास. गाड्या, गॅलरी, लीग, ते सगळं वरवरचं. तुला सिमेंट पाहिजे, एवढंच खरं हाय.

दिपाली : काका, मी एक बोलू?

साहेबराव : तू नको बोलू बाई. तुझा बाप गेलाय. तुला तर या ढिगाची सावली नको वाटायला पाहिजे.

दिपाली : त्यात माझे दगड पण आहेत, काका.

साहेबराव : तुझे?

दिपाली : आम्ही शेडमध्ये राहत होतो ना इथं. मी आठ वर्षांची होते. संध्याकाळी टीमची पोरं दगड उचलायला लागली की मी पण जायची. रोज दहा, मोजून. खेळायचं नव्हतं मला. राग होता. एकेका दगडाला शिवी द्यायची आणि टाकायची. एकदा आईनं ऐकलं. मला वाटलं, मारते आता. तिनं पदर खोचला आणि ती पण उचलायला लागली.

साहेबराव : पंचफुलावहिनी?

दिपाली : वर्षभर. तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही ढिगाकडं पाठ करून उभे असायचे. शेवटी शेवटी शिव्या संपल्या माझ्या. नुसतीच उचलायची.

साहेबराव : वहिनी कधी बोलली न्हाई.

दिपाली : तुम्ही तरी कुठं बोललात?

फारूक : मडिवाळप्पाला मी हेच विचारलं होतं, साहेबराव. म्हणलं, दगडानं माणसं खाल्ली, अन् तू पुन्हा दगड रचणार? तर म्हणला, खालच्या दगडानं कुणाला खाल्लं न्हाई. मातीत रचलेल्या उंच भिंती अन् वर माळवदाचं, मातीच्या छताचं ओझं, त्यानं खाल्लं. पायरी कुणाच्या अंगावर पडत न्हाई. डोक्याच्या वर एक दगड जाणार न्हाई, माझा शब्द हाय.

साहेबराव : अन् संघटनेनं पायऱ्या बी नापास केल्या तर?

फारूक : तर भांडू. लीग नसली तर आपली आपण मॅच लावू. मनतशाच्या पोरी विरुद्ध आपण म्हातारे. हरू, पण आपल्या मैदानावर हरू.

साहेबराव : दिपाली, सही न घेता गेलीस तर सर तुला ठेवतील का?

दिपाली : नाही ठेवलं तर दुसरीकडं जाईन. लातुरात पानटपऱ्यांपेक्षा क्लास जास्त झालेत, काका. बायोलॉजी शिकवणारीला काय कमी आहे? तुम्ही माझ्यासाठी सही करत असाल तर करू नका. मला ते आवडणार नाही.

साहेबराव : दे तो कागद.

फारूक : साहेबराव...

साहेबराव : थांब जरा. दिपाली, हा बिनसहीचाच घेऊन जा. सरांना म्हणावं, अध्यक्षांनी सगळी कलमं वाचली. मैदानावर संध्याकाळी पाचला आमच्या पोरी खेळत्यात, त्यामुळं जमत न्हाई. मॅच बघायला जरूर या. गाडी मात्र बाहेर लावा.

दिपाली : असंच सांगू? याच शब्दांत?

साहेबराव : एक शब्द बदलू नको. अन् फारूक, संघटनेचा नवा फॉर्म आण. आसनव्यवस्थेच्या रकान्यात मी पुन्हा दगडच लिहिणार हाय. पुढं लिहीन, तीन पायऱ्या, शंभर फूट, क्लबच्या हातानं. बघू कोण खोडतंय. आता चल. कुठं रचलीय ती पायरी?

(तिघं ढिगाच्या पलीकडं जातात.)

फारूक : ही. अरे, चप्पल कामून काढून राहिलास? ऊन बघ किती तापलंय, भाजतील पाय.

साहेबराव : कुणाच्या तरी घराचे दगड हायत, फारूक.

दिपाली : काका, हात धरा माझा. सावकाश.

साहेबराव : हां. सोड आता. बसलो.

फारूक : काय म्हणतात गुडघे?

साहेबराव : इथून गोल सरळ दिसतोय की रे. अन् ही पायरी थोडी उंच झालीय. मडिवाळप्पाला सांग, चार बोटं कमी कर.

फारूक : चार बोटांनी काय फरक पडतोय?

साहेबराव : पडतो. बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत.