दुपारच्या बाईंचा फळा

...नाही, पण मी म्हणतो, फळा पुसायला काय लागतं हो? एक हात लागतो! अकरा वर्षं, तुम्हाला सांगतो, सकाळी सातला वर्ग क्रमांक चौदामध्ये शिरायचं आणि समोर दुपारच्या सत्रातल्या वासंतीबाईंचं गणित, अख्ख्या फळ्याभर! आमची कसबा पेठेतली शाळा दोन सत्रांची. सकाळी गणिताला मी एकटा, दुपारी त्या एकट्या. मी साडेबाराला निघणार, त्या पाऊणला येणार, तोंड बघायचा प्रश्नच नाही. मी काय करायचो? पुसायचो. वाचतंय कोण! आणि जाताना लाकडी कंपास कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली खिशात... बसा म्हटलं हाताने वर्तुळं काढत!

आता गणिताच्या मास्तराशी शाळेत बोलतं कोण? भाषावाले चौघं, त्यांचे डबे, त्यांचं खिदळणं. मी आपला खिडकीपाशी, पोळीभाजीशी गप्पा मारत. शेवटी पुतणी पूर्वा म्हणाली, "काका, तुमच्यासारख्यांचा ऑनलाइन ग्रुप आहे, घालू का?" 'एकटे गणितवाले'! खरं नाव सांगायचं नाही, शाळा सांगायची नाही, म्हणजे मुख्याध्यापकांना मनसोक्त शिव्या घालता येतात. मी झालो 'काटकोन'. आणि तिथे भेटल्या 'लसावि'.

अहो, काय बाई! नववी ब नं मला रडवलं, तेव्हा राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरत होतो मी. लसाविंनी लिहिलं, "राजीनामा उद्याही देता येतो. आज हे शिकवून बघा." आणि अपूर्णांकांची अशी युक्ती धाडली, की मागच्या बाकावरचा राकेश चक्क म्हणाला, "सर, अजून एक द्या ना!" फाडला राजीनामा. सहा वर्षं, तुम्हाला सांगतो, मी एकटा नव्हतो.

एकदा त्यांनी लिहिलं, "आमच्याकडे सकाळचे एक महाशय कंपासला कुलूप लावून जातात." असा भडकलो! "असल्या नालायक माणसाचं नावसुद्धा काढू नका," लिहिलं. मी! किल्ली खिशात! पण दोन सत्रांच्या शाळा पुण्यात काय थोड्या आहेत? मला वाटलं, असेल कोणी दुसरा नालायक.

गेल्या महिन्यात असाच एक दिवस. आलो, फळा भरलेला, पुटपुटलो, पुसला. दुपारी ग्रुपवर लसावि... "काल निवृत्त झाले. आता सांगायला हरकत नाही. कसबा पेठ, वर्ग क्रमांक चौदा. फळा मी मुद्दाम पुसत नसे. सकाळचा गणितवालाही माझ्यासारखाच एकटा, म्हणून जाताना त्याच्यासाठी रोज एक गणित ठेवायचे. अकरा वर्षांत एकदाही उत्तर आलं नाही."

ताट बाजूला सारलं, फोन हातात घेतला. लिहावं, 'तो मीच'? कुठल्या तोंडाने? नालायक मीच म्हटलेलं! फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू... शेवटी भीतभीत विचारलं, "कालचं गणित काय होतं?"

उत्तर आलं, "ते त्यांच्यासाठी होतं. आपल्याला काय करायचंय?"

तेव्हापासून कुलूप काढलंय. निघताना फळ्यावर रोज एक गणित ठेवतो. दुपारी आता नवे सलिल सर येतात, फार टापटिपीचे. परवा मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, "दुपारच्या सरांची तक्रार आहे. अहो, फळा पुसायला काय लागतं?"

...एक हात लागतो, म्हटलं.