चुलीवरचा तरपा

(सांगणारी लाडकी, सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. ती सगळ्यांना ‘तू’ म्हणते. तिचे शब्द तसेच ठेवले आहेत.)

माझं माहेर पोशेऱ्याचं. बापूस तरपे करायचा, आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, म्हणजे वाळलेला दुधी पोखरायचा, त्याला बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या, पुढं ताडाच्या पानांचं लांब तोंड वळायचं, आणि सगळे जोड मधाच्या पोळ्याच्या मेणानं बुजवायचे. मेण मळायचं काम माझं. फुंकायचा मात्र नाय, बाईनं तरपा फुंकायचा नाय. मेणाला चालतो का बाईचा हात, मी बापाला विचारलं, तर तो बोलला, मेण कडक झालंय बघ.

लग्न होऊन सूर्यमाळला आले तवा नवऱ्याचा तरपा माझ्या ताब्यात आला. वाजवणार तो, राखणार मी. काय सांगू तुला, तान्ह्या पोरासारखं बघावं लागतं. वाजवून आणला की आधी तोंड खाली करून टांगायचा, आतली थुंकी निथळली पाहिजे. नळीतली आवाज काढणारी जीभ कोंबडीच्या पिसानं टिपायची, मेण भेगाळलं असेल तर बोटानं दाबायचं, आणि मंग चुलीच्या वर, पण लई वर, धूर पोचतो आणि धग पोचत नाय तिथं ठेवायचा. धुरानं भुंगा लागत नाय, बुरशी येत नाय. काळाकुट्ट होतो. होऊ दे की.

तर जव्हारात एक रावसाहेब होता. माणूस वाईट नाय, तू लिहिताना त्याचा राक्षस करू नको. गाण्याबजावण्याचा नाद, घरात काचेचं कपाट, त्यात सतार, सारंगी, सगळ्यांना मखमलीच्या खोळी. दसऱ्याला त्यानं आमच्या माणसाला, माझ्या नवऱ्याला, वाजवायला बोलावलं, आणि वाजवून झाल्यावर बोलला, चार दिवस इथंच राहू दे, पाहुण्यांना दाखवतो. आमच्या माणसाच्यानं ‘नाय’ म्हणवलं नाय. मोठ्या घराच्या ओट्याखाली उभं राहिलं की आमच्या लोकांच्या तोंडातून ‘नाय’ निघायचाच नाय, म्हणून तर वेठीला बोलावलं तरी जायचे. हे मात्र ठळक लिही.

चाराचे पंधरा झाले. वाघबारस दोन दिवसांवर आली. वाघदेवापुढं तरपा वाजला नाय तर नाच कसला, आणि नाच नाय तर पाड्यावर नवा भात तोंडात कोण घालणार? सगळा पाडा माझ्याकडं असा बघायला लागला जसा काय मीच तरपा विकला. मी पदराला मेणाचा गोळा बांधला, नवऱ्याला बोलले, ऊठ.

पोचलो तर रावसाहेबानं तरपा साफ केला होता. रिठ्याच्या पाण्यानं धुतला, काजळी घासून काढली, अंगणात उन्हात वाळवला. दुधी कसा गोरापान, हळद लागलेल्या नवऱ्यासारखा. आणि मेण सगळं वघळलेलं, नळ्या लुळ्या पडलेल्या. तो बोलला, केवढी घाण करून ठेवली होती तुम्ही लोकांनी. मी बोलले, फुंकून बघितलास का? त्याची बायको पदराआड हसली. त्यानं फुंकला. गाल फुगले, डोळे बाहेर आले, आणि आवाज आला तो तोंडाचा वाटला नाय, एवढंच लिही.

मंग मी बाईकडं चूल मागितली. स्वयंपाकघरात नाय घेतलं, मागं न्हाणीच्या चुलीपाशी बसवलं, तेही लिही. मेण तापवलं, जोड भरले, धूर दिला. उन्हं कलली तवा आमच्या माणसानं फुंकला, आणि स्वयंपाकीण पळी हातात घेऊन दारात आली, बाईचं पाऊल तर उंबऱ्यावर आपोआप तालात पडायला लागलं. रावसाहेब खूश. बोलला, झकास, आता कपाटात ठेवतो, तुमच्याकडं पुन्हा काळा होईल.

आमच्या माणसानं मान खाली घातली. पाडा डोळ्यांपुढं आला माझ्या, म्हणून बोलले,

ठेव. पण मंग कपाटात रोज चूल पेटव.

त्याची बायको बोलली, अहो, द्या त्यांचा त्यांना, सतारीला धूर लागेल. तवा तो हसला, आणि तरपा दिला, वर मखमलीची खोळ पण दिली.

वाघबारशीला असा नाच झाला की माझ्या पायाचं नख गेलं.

आता आमच्या माणसाला दात नाय, दम नाय, पोरगा वाजवतो. खोळीचं नातीला टोपडं शिवलं. तरपा तो बघ, चुलीच्या वर, पुन्हा काळाकुट्ट. आणि एक सांगते. जोड गळतो का ते फुंकल्याबिगर कळतं होय? त्या न्हाणीपाशी पयला मीच फुंकला होता, हळू, आमचा माणूस तिकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्या आधी पण फुंकलाय, आताही फुंकते. नको लिहू ते. नाय तर लिही, आता कोण काय करणार मला. जा बाबा, तुझ्या आयशीच्या चुलीला लाकूड कमी पडू नये.