कुलूप लावलेल्या दाराचं आवतण

परवा नशिबानं वाचलो बघा. लोणखेड्याच्या आमच्या कॉलेजात फाइल सर्व्हरचा कर्नल, म्हणजे त्याच्या सिस्टिमचा गाभा, मी नवा केला, आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी लॅबच्या जुन्या मशीनींवर मुलांचे फोल्डर उघडेनात. पुण्यात कर्नलचंच काम करणाऱ्या भाचीला फोन लावला.

ती म्हणे, "मामा, तुमना सर्व्हर यूडीपीना, म्हंजे फाइली धाडाना जुना रस्ताना, दारनं आवतन दी ऱ्हायना, आनि त्या दारले कुलूप शे. मशीनी तठेच उभ्या शेतस."

"मंग कुलूप खोल."

"नही. ते नवा कर्नलनी मुद्दाम लायेल शे. आवतनच बंद करनं पडी. मंग त्या टीसीपीना, नवा रस्ताना, दारवर जातीन."

तसंच झालं. पुढे तिनं ती दुरुस्ती सगळ्यांसाठी कर्नलच्या मूळ कोडमध्ये पाठवली, त्यात चूक कळवणारा म्हणून माझं नाव.

"अगं, मी नुसता रडलो."

"मामा, आजवर कोनी रडना नही, म्हनीसन ती चूक तशीच ऱ्हायनी."